ऑप्टिमस प्राइमला मारलं ते बरोबरच होतं, घोळ झाला तो परत आणल्यावर

चक्रधर८४
नमस्कार मंडळी. रोबोंवर इथे कुणी धागा काढलेला दिसला नाही म्हणून मीच काढतो, शिव्या पडल्या तरी चालतील.

१९८६ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत ट्रान्सफॉर्मर्सचा, म्हणजे गाड्या, बंदुका होणाऱ्या त्या रोबोंचा, पहिला मोठा सिनेमा आला, कार्टूनवाला. त्यात ऑटोबॉट्सचा, म्हणजे चांगल्या रोबोंचा पुढारी, लाल ट्रक होणारा ऑप्टिमस प्राइम, सिनेमा अर्धाही झाला नसताना मरतो. टेबलावर पडल्या पडल्या त्याचा लाल निळा रंग जातो आणि आख्खा राखाडी पडतो. पोरं थेटरात रडली, कंपनीला पत्रं गेली, आणि १९८७ च्या फेब्रुवारीत टीव्हीवर दोन भागांत त्याला परत उठवला.

माझं म्हणणं, मारला ते उत्तमच केलं. बघा ना, तो एकटा शत्रूच्या फळीत घुसतो, त्यांच्या म्होरक्याला, मेगाट्रॉनला लोळवतो, मेगाट्रॉन दयेची भीक मागता मागता हळूच पडलेल्या बंदुकीकडे हात नेतो आणि तेवढ्यात हा हॉट रॉड नावाचा उतावळा पोरगा मधे उडी मारतो, मेगाट्रॉन त्यालाच ढाल करतो आणि प्राइमला गोळ्या घालतो. आपल्याच माणसाच्या घाईने पुढारी जातो आणि पुढे त्याच घाई करणाऱ्याच्या डोक्यावर जबाबदारी येते. लहान मुलांच्या कार्टूनमध्ये इतकं कोण लिहितं? आणि हे सगळं परत उठवून मातीत घातलं. तेव्हापासून प्रत्येक मालिकेत, सिनेमात हा मरतो आणि उठतो. आता तो मेला तरी कुणी खुर्चीतून हलत नाही.

पटतंय का?

मिरचीपूड
मेला, उठला ते राहू द्या. रोबो झाल्यावर ट्रेलर कुठे जातो ते आधी सांगा. ट्रक येतो, उभा राहतो, ट्रेलर बाजूला घरंगळत जातो आणि फ्रेमच्या बाहेर गेला की संपलं. परत ट्रक झाला की हजर. लहानपणापासून छळतोय हा प्रश्न.

निवांत_काका
चक्रधरराव, कथेसाठी मारला वगैरे म्हणताय ते वाचून हसू आलं, राग नसावा. अहो तो गोदाम रिकामं करायला मारला.

जरा मागे जाऊ. हे रोबो मुळात जपानी. ताकारा कंपनीची डायाक्लोन म्हणून खेळण्यांची मालिका होती, त्यात १९८३ मध्ये बॅटल कॉन्व्हॉय नावाचा लाल ट्रक आला. त्याला ना स्वभाव ना गोष्ट, आत छोटी माणसं बसवायची आणि चालवायचा, म्हणजे तो पात्र नव्हताच, यंत्र होतं. अमेरिकेतल्या हॅस्ब्रो ह्या खेळण्यांच्या कंपनीने ते साचे घेतले, मार्व्हल कॉमिक्सवाल्यांना सांगितलं ह्यांना नावं द्या, गोष्ट द्या. ऑप्टिमस प्राइम हे नाव मार्व्हलच्या डेनी ओनीलने दिलं, बाकीच्यांची बहुतेक नावं आणि स्वभाव बॉब बुडियान्स्कीने बसून लिहिले. आणि १९८४ मध्येच रेगनच्या काळात अमेरिकेत मुलांच्या टीव्हीवरच्या जाहिरातींचे निर्बंध सैल झाले, त्यामुळे अर्ध्या तासाचं कार्टून म्हणजेच अर्ध्या तासाची जाहिरात हे राजरोस चालू झालं.

मग ८६ साली काय झालं, तर ८४ चा माल दुकानातून काढायचा होता आणि नवीन माल लावायचा होता. जुनी मंडळी एकामागून एक उडवली. आयर्नहाइडला तर मेगाट्रॉन जवळून गोळी घालतो, पाच मिनिटंही कुणी शोक करत नाही. तुम्हाला त्यात शोकांतिका दिसते, मला स्टॉक क्लिअरन्स दिसतो.

सई_ठाणे
काका, माहिती भारी, पण निष्कर्ष नाही पटला. जाहिरात होती म्हणून रडू खोटं ठरतं का? मी तर हा सिनेमा मोठेपणी पाहिला, शेवट माहीत होता तरी गळा दाटला.

आणि त्यात मोठा वाटा आवाजाचा आहे. प्राइमचा आवाज देणाऱ्या पीटर कलनने ऑडिशनला जाताना मोठ्या भावाला, लॅरीला, सांगितलं की मी एका हिरोच्या कामासाठी चाललोय. लॅरी मरीन होता, व्हिएतनामला जाऊन आलेला. तो म्हणाला की सिनेमातल्या आरडाओरडा करणाऱ्या हिरोसारखा हिरो होऊ नकोस, खरा हो, मऊ वागता येईल इतका बळकट हो. कलनने भावाचाच आवाज डोक्यात ठेवून प्राइम केला, हे त्याने स्वतः अनेक मुलाखतींत सांगितलंय. म्हणून तो हुकूम सोडतानाही ओरडत नाही. गोदामाच्या हिशेबात हे कुठे बसतं?

आगाऊ_कार्टं
तोच पीटर कलन विनी द पूमधल्या त्या रडक्या गाढवाचा, ईयोरचाही आवाज देतो. एकदा हे कळलं की प्राइमचं प्रत्येक भाषण ऐकताना ‘आपलं काही खरं नाही’ असंच ऐकू येतं. सॉरी, आता तुमचंही वाटोळं केलं.

सई_ठाणे
@आगाऊ_कार्टं देव तुला बघून घेईल.

घाटवाला
आमचा घरचा ट्रान्सपोर्टचा धंदा, त्यामुळे मला ट्रकवर बोलू द्या.

जुना ऑप्टिमस चपट्या तोंडाचा, म्हणजे ड्रायव्हर इंजिनाच्या वर बसतो तो प्रकार. आपल्याकडे आजही रस्त्यावर बहुतेक ट्रक असेच, त्यामुळे आपल्याला त्यात काही वेगळं वाटत नाही. पण अमेरिकेत ह्या ट्रकची चलती होती ती लांबीच्या नियमामुळे. पूर्ण गाडीची लांबी मोजायचे, मग नाक कापलं की ट्रेलर तेवढा लांब लावता येतो. १९८२ च्या कायद्याने मोठ्या हायवेवर ती एकूण लांबीची अट गेली, आणि ड्रायव्हर लोकांना लांब नाकाचाच ट्रक आवडतो, आराम असतो, इंजिनाचं काम करायला सोपा. हळूहळू तिकडून चपटे गेलेच. म्हणजे खेळणं दुकानात आलं तेव्हाच तो ट्रक तिथे उतरणीला लागला होता.

२००७ च्या सिनेमात पीटरबिल्ट ३७९ घेतला, लांब नाकाचा, त्यावर ज्वाळा रंगवलेल्या. लोक अजून शिव्या घालतात पण त्यामागे हिशेब होता. रोबो आणि ट्रक एकाच मापाचे ठेवायचे ठरवलं होतं, हवेतून वस्तुमान येणार नाही. चपट्या कॅबमध्ये तेवढा माल मावत नाही, रोबो बुटका झाला असता. मला तो पीटरबिल्ट आवडतो. फक्त ज्वाळा नको होत्या, आमच्याकडे एवढी रंगरंगोटी केली तर आरटीओवाला आधी थांबवेल.

मिरचीपूड
वस्तुमानाचा हिशेब पीटरबिल्टपुरताच होता वाटतं. मेगाट्रॉन जुन्या कार्टूनमध्ये इमारतीएवढा रोबो आणि बदलला की त्याच्याच टोळीतल्या स्टारस्क्रीमच्या हातात मावणारं पिस्तूल. खरं वॉल्थर पी३८.

माझा ट्रेलर अजून सापडलेला नाही.

बोल्ट_नट
खेळण्याबद्दल कुणीच बोलत नाहीये, म्हणून मी.

१९८४ चा साचा हातात घेतलेल्यांना कळेल. कॅब उभी धरायची, मागचा चाकांचा भाग सरळ करायचा म्हणजे पाय, पावलं उलगडायची, बाजूचे हात मोकळे करायचे, डोकं आतून वर पलटवायचं. झालं. पुढची काच तीच छाती. एवढ्या थोड्या हालचालींत ट्रक संपूर्ण ट्रक दिसतो आणि माणूस संपूर्ण माणूस दिसतो, हे आजही फार थोड्यांना जमतं. मुठी मात्र वेगळ्या, नंतर खोचायच्या, आणि त्या हरवणारच. सेकंडहँड बाजारात मुठींसकट असलेला ऑप्टिमस म्हटलं की भाव वेगळा. ट्रेलर उभा उघडला की तळ होतो, त्यात खेकड्यासारखे हात असलेला दुरुस्तीचा यांत्रिक नग, पेट्रोलची नळी आणि रोलर नावाची छोटी सहा चाकी गाडी.

आणि खोक्याच्या मागे ती माहितीची पट्टी. आकडे असे छापलेले की नुसत्या डोळ्याला गिचमीड दिसतं, सोबतची लाल प्लॅस्टिकची पट्टी वर धरली की वाचता येतं. ताकद, बुद्धी, धैर्य, सगळीकडे वरचेच आकडे. वर त्याचं ब्रीदवाक्य, की स्वातंत्र्य हा जाणीव असलेल्या प्रत्येक जीवाचा हक्क आहे. म्हणजे काका म्हणतात तो माल विकायला लिहिलेला मजकूरच होता, पण मजकूर लिहिणाऱ्याने जीव ओतलाय हेही तेवढंच खरं. बंदूक, रॉकेट विकायचंय आणि खोक्यावर हे वाक्य!

हल्ली ज्या मोठ्या किमतीच्या आवृत्त्या येतात त्यांचे सांधे खटखट करत बसतात, कोपर, घोटा, कंबर सगळं वळतं. छान आहेत. पण बदलायला पाऊण तास आणि सूचनांचा कागद पुढ्यात. पोराच्या हातात दिला की बाप बदलत बसतो आणि पोरगा मोबाईल बघतो.

निवांत_काका
बोल्ट_नट, +१. आता माझ्या मुद्द्याला अजून एक खिळा. ८६ साली त्या सिनेमात प्राइम मेल्यावर तात्पुरतं नेतेपद कुणाकडे जातं? अल्ट्रा मॅग्नसकडे. आणि अल्ट्रा मॅग्नसचं खेळणं उघडून बघा. गाड्या वाहून नेणाऱ्या ट्रेलरचं चिलखत काढलं की आत कोण? तोच ऑप्टिमसचा साचा, पांढऱ्या प्लॅस्टिकमध्ये! लाल ट्रक पडद्यावर मारला आणि त्याच वर्षी पांढरा करून विकला. कार्टूनमध्ये तो आतला पांढरा रोबो कधी दाखवलाच नाही.

परत उठवला फेब्रुवारी ८७ ला, आणि ८८ ला दुकानात पॉवरमास्टर ऑप्टिमस प्राइम हजर. मारणंही धंदा, उठवणंही धंदा. तुम्ही एकाला कला म्हणता आणि दुसऱ्याला घोळ, हे कसं?

मिरचीपूड
थांबा थांबा. पॉवरमास्टरमध्ये ट्रेलर अंगावर चढतो ना? छोटा रोबो आत जातो आणि ट्रेलरच मोठं शरीर होतं? म्हणजे चार वर्षं लागली पण ट्रेलर सापडला. काका, दंडवत घ्या.

बोल्ट_नट
हो. आणि त्यात इंजिन होणारा छोटा माणूस बसवल्याशिवाय कुलूप निघत नाही, बदलताच येत नाही. तो नग हरवला की संपलं, ट्रक ट्रकच राहतो.

तोक्योकर
जपानमध्ये ह्या मरणाचा वेगळाच तमाशा झाला. तिकडे ऑप्टिमसला कॉन्व्हॉयच म्हणतात. सिनेमा तिथे प्रदर्शित झाला थेट १९८९ मध्ये, पण टीव्हीवरची पुढची मालिका त्याआधीच लागली. म्हणजे मुलांनी टीव्ही लावला तर कॉन्व्हॉय मेलेला, का मेला ते दाखवलेलंच नाही.

मग ताकाराने १९८६ च्या डिसेंबरमध्ये फॅमिकॉमवर, म्हणजे निन्टेन्डोच्या टीव्हीला जोडायच्या गेमयंत्रावर, व्हिडिओ गेम काढला, ‘कॉन्व्हॉयचं रहस्य’. त्यात तुम्ही अल्ट्रा मॅग्नस. गेम सुरू होतो आणि पहिल्या काही सेकंदांत एक बारीक गोळी, दिसतही नाही धड, लागते आणि तुम्ही मेलात. परत सुरू, परत मेलात. आजही तिकडे अवघड आणि वाईट गेमची गोष्ट निघाली की हा गेम निघतोच. मी इथे सहकाऱ्याकडे खेळून पाहिलाय, पहिली पातळी पार झाली तर आम्ही दोघं ओरडलो इतकं वाईट आहे.

ढ_विद्यार्थी
गेमवरून आठवलं, कॉमिकमधलं मरण कुणीच सांगितलं नाही?

मार्व्हलच्या कॉमिकमध्ये तो सिनेमातल्यासारखा मेलाच नाही. २४ व्या अंकात, १९८७ च्या जानेवारीचा, ऑप्टिमस आणि मेगाट्रॉन एका व्हिडिओ गेममध्ये लढतात. हरेल त्याला खरोखर उडवायचं ही अट. ऑप्टिमस जिंकतो. पण जिंकताना गेममधले काही निरपराध लोक मरतात, आणि तो म्हणतो मी नियम मोडून जिंकलो, म्हणजे मी हरलोच, मला उडवा. आणि उडवतात!! कॉम्प्युटरमधल्या खोट्या माणसांसाठी!

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी हसलो. आता वाटतं, त्या पात्राचं सगळं सार ह्यात आहे. लिहिणारा तोच बुडियान्स्की, ज्याने खोक्यांवरचा मजकूर लिहिला. त्याने स्वतःचा मजकूर फारच मनावर घेतला.

चक्रधर८४
@ढ_विद्यार्थी हेच तर मी म्हणतोय! हे मरण त्याच्या स्वभावातून येतं. सिनेमातलंही येतं, मधे पोरगा आला म्हणून तो गोळी झाडत नाही, आणि मरतो. काका, गोदामवाल्यांनी सांगितलं असेल ‘मारा’, पण कसा मारायचा हे लिहिणाऱ्यांनी ठरवलं ना? उठवताना मात्र कुणी काही ठरवलंच नाही. त्याआधी तर एका भागात शत्रूंनी त्याचं प्रेत उठवून आपल्याच लोकांवर सोडलं, मग तो भानावर येऊन जहाजासकट स्वतःला संपवतो. तो शेवट पुरेसा होता. तरीही अजून एकदा उठवला.

एडिसनकर
इकडे न्यू जर्सीत माझ्या ऑफिसातले चाळिशी पंचेचाळिशीचे लोक ह्या सिनेमाबद्दल अजून बोलतात. त्यांच्यासाठी पहिलं मरण हेच, आजीआजोबांच्या आधीचं. हॅस्ब्रोलाही धक्का बसला होता, कारण लगेच पुढच्या जी. आय. जो ह्या त्यांच्याच सैनिक खेळण्यांच्या सिनेमात ड्यूक नावाच्या हिरोला मारायचं ठरलेलं, ते बदलून ‘कोमात गेलाय’ असं वरून वाक्य टाकलं. बघताना कळतं की चिकटवलंय.

पण चक्रधर, तुमचा राग उठवण्यावर नको, नंतर त्याला जे केलं त्यावर हवा. २००९ च्या सिनेमात हा जंगलात मरतो, उठतो, ते ठीक. पण शेवटी शत्रूला ‘तुझा चेहरा दे’ म्हणत चेहराच फाडतो. २०११ मध्ये फितूर झालेला जुना पुढारी सेंटिनल प्राइम जखमी पडलेला, विनवण्या करतोय, आणि हा त्याला गोळी घालतो. आवाज तोच कलनचा, मऊ, आणि करतोय हे. ८६ चा प्राइम दया दाखवून मेला, ह्या प्राइमला दया माहीतच नाही. चित्रीकरण मात्र मान्य, त्या २००७ च्या एका ऑप्टिमसमध्ये १०,१०८ सुटे भाग होते म्हणे, कॉम्प्युटरवर प्रत्येक वेगळा हलणारा.

घाटवाला
१०,१०८ भाग आणि चेहरा झाकणारी पट्टी उघडून ओठ दाखवायची हौस. ती पट्टीच हवी. तोंड दिसत नाही म्हणूनच तो धीराचा वाटतो.

सई_ठाणे
२०१८ मध्ये बम्बलबीच्या सिनेमात थोडा वेळ का होईना चपट्या तोंडाचा आणि पट्टीवाला परत आला तेव्हा थेटरात टाळ्या पडल्या होत्या. टाळ्यांमध्ये अर्ध्या माझ्याच.

बरं, धागाकर्ते, मूळ प्रश्नावर माझं मत देऊन टाकते. तुम्ही सगळे तो कसा मेला ह्यावर बोलताय. आमच्या घरी लेक आणि भाचा खेळतात तेव्हा दुपारच्या एका खेळात प्राइम चार वेळा मरतो. दिवाणाखाली गाडला जातो, बादलीत बुडतो, मांजर खातं. आणि ‘आता परत जिवंत’ एवढं म्हटलं की उठतो. मॅट्रिक्स, ती त्याच्या छातीतली शक्तीची वस्तू, काही लागत नाही. ज्या पोरांनी कंपनीला पत्रं लिहिली त्यांच्याही हातात तो लाल ट्रक अजून होता, तुटलेलासुद्धा नव्हता, आणि टीव्ही सांगतोय तो मेला. मग ती पत्रं लिहिणारच. म्हणून मला उठवणं बरोबर वाटतं. मारणंही चालेल, पण खेळणं विकलंत तर त्याचा मालक मुलगा असतो, तुम्ही नाही.

निवांत_काका
सईताई, हे पटलं. गोदामवाला पक्षसुद्धा मान्य करतो.

चक्रधर८४
मला अर्धंच पटलं. खेळण्यात उठू दे हवा तेवढा, गोष्टीत नको. माझं मत कायम.

आगाऊ_कार्टं
पॉपकॉर्न संपले.

सई_ठाणे
अवांतर विचारते. भाच्याला वाढदिवसाला ऑप्टिमसच हवाय, सहा पूर्ण होतील. ऑनलाइन बघितलं तर काही शेकड्यांपासून काही हजारांपर्यंत, सगळे सारखेच दिसतात. आणि तो स्वतःहून बदलणारा आहे तो किती महाग आहे?!

एडिसनकर
स्वतः बदलणारा म्हणजे रोबोसेन कंपनीचा, २०२१ ला आला तेव्हा ६९९ डॉलर. बोललं की बदलतो, चालतो, आत २७ सर्व्हो मोटर. सहा वर्षांच्या मुलाला अजिबात नको, त्याच्या काकांना हवा असतो तो.

बोल्ट_नट
सहा वर्षांसाठी एका दोन हालचालींत बदलणारे असतात ते घ्या. लिहिलेल्या वयाची खूण खोक्यावर बघाच. डिलक्स, व्हॉयेजर, लीडर ह्या मापांच्या पायऱ्या आहेत, लीडर सगळ्यात मोठा ह्या तिघांत, पण त्यात बदलायच्या पायऱ्याही वाढतात. २०२० चा अर्थराइज मालिकेतला लीडर ट्रेलरसकट येतो, तो दहा अकराव्या वर्षी द्या. बाजारात खोक्यावर भलतंच नाव असलेल्या नकला ढिगाने आहेत, प्लॅस्टिक ठिसूळ, सांध्याची पिन बाहेर येते, लहान मुलाच्या घरात नकोच. आणि जुना १९८० च्या दशकातला कुणी आवडीने देत असेल तर मुलाला देऊ नका, सायलेन्सरची नळकांडी लांब आणि टोकदार आहेत, नंतरच्या अमेरिकी आवृत्तीत ती मुद्दाम आखूड केली.

ढ_विद्यार्थी
माझ्याकडच्या व्हॉयेजरचा खांदा सैल झालाय, बंदूक धरली की हात खाली पडतो. काही उपाय? सुपरग्लू लावू का?

बोल्ट_नट
सुपरग्लू आत सोडलास तर कायमचा चिकटेल. खांदा गोळीचा, म्हणजे बॉल जॉइंट असेल तर गोळी खोबणीतून काढ, तिच्यावर पारदर्शक नेलपॉलिशचा एक पातळ थर दे, रात्रभर पूर्ण वाळू दे, मग बसव. अजून सैल असेल तर दुसरा थर. पिनेवरचा सांधा असेल तर आधी स्क्रू जरा आवळून बघ, बहुतेक वेळा तेवढ्यानेच भागतं.

ढ_विद्यार्थी
बहिणीचं गुलाबी आहे. चालेल का?

मिरचीपूड
चालेल. आत दिसतंय कुणाला.